जुन्या मराठी पुस्तकाची डिजिटल आवृत्ती: आधी काय, नंतर काय

स्वामित्वहक्कातून मुक्त झालेली जुनी मराठी पुस्तके लोक हौसेने ओसीआर (पानाच्या चित्रातून यंत्राने मजकूर काढणे) करून काढतात, आणि त्यांतल्या बऱ्याच फायली 'जरा नजर टाका' म्हणून माझ्याकडे येतात. चुका ठरलेल्या असतात. मधली चार पाने नसतात. कोणती आवृत्ती धरली ते कुठे लिहिलेले नसते. 'शांत'चे सगळीकडे 'शात' झालेले असते. यांतली एकही चूक मुद्रितशोधनात झालेली नसते. पहिली स्कॅन करण्याआधीची, दुसरी त्याहूनही आधीची आणि तिसरी नियम न ठरवता हात घातल्याची. पुस्तक मिळाले की लोक थेट ओसीआरला बसतात, तिथेच घोळ होतो.

पुढचे सगळे साधारण १८७० ते १९४० या काळातल्या, खिळे (धातूची सुटी अक्षरे) जुळवून छापलेल्या दोन-अडीचशे पानांच्या गद्य पुस्तकासाठी आहे. शिळाछापाच्या (दगडावरून छापलेल्या) पोथ्या आणि मोडीतला मजकूर यांना वेगळी वाट लागते. त्यांत हा क्रम घुसडू नका.

१. हक्क संपलेत का, ते कागदावर मांडा

भारतात लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षे हक्क टिकतो, आणि ही वर्षे मृत्यूच्या पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. १९६५ साली वारलेल्या लेखकाची पुस्तके १ जानेवारी २०२६ ला मुक्त झाली. महिना-तारीख शोधत बसू नका, साल पुरते. लेखक-लेखिका दोघे असतील तर जो शेवटी गेला त्याचे साल. लेखकाच्या मृत्यूनंतर प्रथमच छापलेले असेल किंवा निनावी असेल तर प्रकाशनापासून ६० वर्षे.

इथे लोक फक्त मुख्य लेखकाचे साल बघतात आणि फसतात. एका पुस्तकात चार जणांचे हक्क असू शकतात: मूळ लेखक, भाषांतरकार, प्रस्तावना लिहिणारा आणि चित्रकार. चौघांची सर्व वर्षे वेगळी लिहा. उदाहरणार्थ, दीनानाथ दलाल १९७१ साली गेले. लेखक १९२० साली वारला असला, तरी त्याच्या पुस्तकाच्या नंतरच्या आवृत्तीवरचे दलालांचे मुखपृष्ठ २०३१ संपेपर्यंत तुम्हाला घेता येणार नाही. मजकूर घ्या, मुखपृष्ठ वगळा.

दुसरी फसगत फाईल चढवताना होते. विकिमीडिया कॉमन्सवर (विकिपीडियाच्या परिवारातला मुक्त फायलींचा साठा) पुस्तक भारतात मुक्त असून भागत नाही, ते अमेरिकेतही मुक्त असावे लागते. लेखक १९४० किंवा त्याआधी वारला असेल तर सहसा अडचण येत नाही. तसे नसेल तर तिथे प्रकाशनापासून ९५ वर्षे मोजतात. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून त्यांच्या हयातीत छापलेली पुस्तके भारतात १ जानेवारी २०११ पासून मुक्त आहेत. पण त्यांतले १९३५ साली छापलेले पुस्तक अमेरिकेच्या हिशोबाने २०३० अखेरपर्यंत हक्कात राहते. कुठे ठेवायचे हा प्रश्न म्हणूनच पहिल्या दिवशी सोडवायचा.

*तपासणी:* एका कागदावर प्रत्येकाचे नाव, भूमिका, मृत्यूचे साल आणि मुक्त होण्याचे साल. एकही रकाना रिकामा असेल तर पुढे जाऊ नका.

२. आवृत्ती निवडा, आणि एकच निवडा

पहिली आवृत्ती किंवा लेखकाने स्वतः सुधारलेली शेवटची आवृत्ती, या दोहोंपैकी एक. मधलीच कुठलीतरी 'मिळाली म्हणून' घेतली तर नंतर पस्तावाल. कोणत्या आवृत्त्या निघाल्या होत्या हे शोधायला शं. ग. दाते यांची १८०० ते १९३७ या काळाची मराठी ग्रंथसूची अजून उपयोगी पडते. मोठ्या जुन्या ग्रंथालयांत ती असते.

आवृत्तीने किती फरक पडतो याचे ठळक उदाहरण म्हणजे गोडसे भटजींचा 'माझा प्रवास'. १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी तो बराच फेरफार करून छापला, आणि १९६६ साली द. वा. पोतदारांनी मूळ हस्तलिखितावरून वेगळी आवृत्ती काढली. दोन्हींतला मजकूर एक नाही. एकीतले फाटलेले पान दुसरीवरून भरले तर तिसरेच, कोणीही न लिहिलेले पुस्तक तयार होते. शिवाय पोतदार १९७९ साली गेले. त्यांची प्रस्तावना आणि टिपा २०३९ अखेरपर्यंत हक्कात आहेत.

शीर्षकपानावर फक्त शके असेल तर ७८ मिळवा: शके १८२९ म्हणजे १९०७. छपाईचा महिना माघ किंवा फाल्गुन दिलेला असेल तर ७९, कारण तोवर इंग्रजी साल बदललेले असते. आवृत्तीच्या नोंदीत शके आणि इसवी दोन्ही लिहा.

३. प्रत पूर्ण आहे का: फर्मे मोजा

ही पायरी जवळजवळ कोणीच करत नाही, आणि सगळ्यात जास्त काम इथेच वाया जाते.

नुसते पृष्ठांक बघून भागत नाही. जुन्या पुस्तकांत पृष्ठांकच चुकलेले असतात, ११२ नंतर पुन्हा १११ येतो, चित्रांच्या पानांना आकडा नसतो. त्याऐवजी पानाच्या तळाशी, ओळींच्या खाली, डाव्या किंवा उजव्या कोपऱ्यात बारीक आकडा दिसतो का ते पाहा. तो फर्म्याचा आकडा. फर्मा म्हणजे एकाच मोठ्या कागदावर छापून घडी घातलेला पानांचा गठ्ठा. आकडा जुळारी (खिळे जुळवणारा) आणि बांधणारा यांच्यासाठी असायचा. सोळा पानी फर्मा असेल तर तो १, १७, ३३, ४९ अशा पानांवर येतो. पाचवा फर्मा पान ६५ वर सुरू व्हायला हवा. आठ पानी असेल तर पाचवा ३३ वर. फर्म्याचा आकडा जिथे हवा तिथे नसेल, तर एकतर पाने गेली आहेत किंवा बांधणाऱ्याने फर्मा उलटसुलट शिवला आहे. दुसऱ्या प्रकारात पाने असतात, फक्त जागा चुकलेली असते. 'पाने गहाळ' अशी नोंद करण्याआधी मागेपुढे शोधा.

सुरुवातीच्या पानांना (अर्पणपत्रिका, प्रस्तावना, अनुक्रमणिका) बहुतेकदा वेगळे आकडे असतात. ती वेगळी मोजा. आणि शेवटी शुद्धिपत्र आहे का पाहा. ते एखाद्या चिठ्ठीसारखे चिकटवलेले असते आणि पहिल्यांदा तेच गळून पडते.

आधीच कोणीतरी केलेले स्कॅन वापरणार असाल तरी ही मोजणी चुकवू नका. इंटरनेट अर्काइव्हवर डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाची हजारो मराठी पुस्तके आहेत, पण पाने दोनदा येणे, मधली सुटणे आणि नावे रोमन लिपीत वेडीवाकडी लिहिलेली असणे हे तिथे नित्याचे. पुस्तक सापडले नाही तर नावाची तीन-चार रोमन स्पेलिंगे टाकून पाहा.

*सावधान:* गहाळ पान दुसऱ्या प्रतीवरून घ्यायचे तर ती त्याच आवृत्तीची असल्याची खात्री करा. नंतर एक ओळ लिहून ठेवा: 'पाने ९७–९८ दुसऱ्या प्रतीतून'.

४. स्कॅन

कागद ठिसूळ असेल तर पुस्तक पूर्ण उघडून काचेवर दाबू नका. पाठ तुटते, आणि नंतर शिवणीशेजारची अक्षरे कायमची जातात. नव्वद ते शंभर अंशांत उघडेल असा आधार पुठ्ठ्याचा करता येतो. वरून कॅमेरा, दोन्ही बाजूंनी दिवे, फ्लॅश बंद. घट्ट पुस्तक सपाट व्हावे म्हणून शिवण कापून पाने सुटी करण्याचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. पुस्तक तुमचे नसेल तर तो ऐकू नका, आणि तुमचे असेल तरी एकदा झोपून उठून विचार करा.

कागद पातळ असेल तर मागच्या बाजूची छपाई झिरपून दिसते. स्कॅन करायच्या पानामागे काळा कागद सरकवला की ती निम्म्याहून कमी होते.

किती डीपीआय (एका इंचातले बिंदू)? कमीत कमी ३००, बारीक टाइप असेल तर ४००, आणि रंगीत किंवा करड्या छटांत. थेट काळे-पांढरे कधीच नाही. कारण अनुस्वार. छापील अनुस्वाराचे टिंब अर्ध्या मिलिमीटरचे धरले तर ३०० डीपीआयवर ते सुमारे सहा बिंदू रुंद येते, १५० वर जेमतेम तीन. तीन बिंदूंचे टिंब आणि कागदावरचा डाग यांतला फरक कुठल्याच यंत्राला कळत नाही.

फायलींना ०००१, ०००२ अशी चार आकडी नावे द्या आणि मूळ टिफ फायली (स्कॅनची मूळ चित्रे) हात न लावता वेगळ्या ठेवा. फायलीचा आकडा आणि छापील पृष्ठांक यांचा मेळ एका तक्त्यात आजच लिहा. नंतर लिहू म्हटले की राहते.

*तपासणी:* दर पन्नास पानांनी थांबून एक पान शंभर टक्के आकारात उघडा. शिवणीकडचे पहिले अक्षर आणि ओळीवरची टिंबे स्पष्ट दिसली पाहिजेत.

५. चित्र साफ करणे

स्कॅनटेलर हे मोफत साधन पुरते. त्यात पाने विभागणे, तिरपेपणा काढणे, मजकुराची चौकट ठरवणे, समास देणे आणि अंतिम चित्र काढणे अशा पायऱ्या क्रमाने येतात. त्यात डाग काढण्याची सोय आहे, आणि सगळी मेख तिथेच आहे.

माझे दुसरेच पुस्तक होते. पाने पिवळी, ठिपक्यांनी भरलेली. मी ती सोय जोरावर ठेवली, पाने दुधासारखी पांढरी निघाली आणि मी खूश. ओसीआर करून चाळीस पाने वाचून झाल्यावर लक्षात आले की लेखक कुठेच 'नाहीं' लिहीत नाही, सगळीकडे 'नाही' आहे. १९०५ सालच्या पुस्तकात! मूळ पान उघडले तर टिंब ठणठणीत होते. मी डाग म्हणून पुस्तकातले अनुस्वारच झाडून टाकले होते. दोनशे वीस पाने पुन्हा काढावी लागली. तेव्हापासून ती सोय मी बंद ठेवतो किंवा अगदी मंद. पान जरा मळके दिसले तर दिसू दे.

६. ओसीआरच्या आधी लेखनाचे नियम ठरवा

मराठी साहित्य महामंडळाचे लेखननियम राज्य सरकारने १९६२ साली स्वीकारले. त्याआधीच्या पुस्तकांत अशी वाक्ये दिसतात:

> मीं घरांत जाऊन पाहिलें, तों तीं मुलें तेथें नाहींत.

यातली टिंबे उगाच नाहीत. 'मी' आणि 'मीं' वेगळे आहेत: 'मीं' म्हणजे माझ्याकडून, 'मीं पाहिलें'. 'ती' एक बाई, 'तीं' अनेक मुले. आजच्या लेखनात हा फरक संदर्भाने कळतो, जुन्यात अक्षराने.

माझे मत स्पष्ट आहे: आहे तसे ठेवा. वाचकाला सोपे जावे म्हणून आधुनिक करायचेच असेल तर आधी मूळ लेखनातली प्रत पूर्ण करा आणि तिच्यावरून दुसरी वेगळी प्रत काढा. उलटे करता येत नाही. जुन्या 'घरांत' मध्ये एक घर की अनेक, हे तुम्ही वाक्य वाचून ठरवायचे असते. एकदा 'घरात' केले की मूळ काय होते ते गेले.

आणि 'सगळे शोधा, सगळे बदला' हे बटण तर लांबच ठेवा. एका उत्साही मित्राने 'ांत' जिथे दिसेल तिथे 'ात' केले. 'घरात', 'मनात', 'देशात' ठीक झाले. सोबत 'शात', 'प्रात', 'एकात' आणि 'वृत्तात'ही झाले.

एका कागदावर नियम लिहा आणि कामात असलेल्या प्रत्येकाला द्या. त्यात निदान एवढे हवे:

- जुने अनुस्वार, ऱ्हस्व-दीर्घ, 'घरा पासून' सारखे तोडून लिहिलेले शब्द: तसेच.
- 'अि, अी, अु' अशी स्वरखडी वापरलेली असेल तर: तशीच, 'इ, ई, उ' करायचे नाही.
- ओळीच्या शेवटी तुटलेले शब्द: जोडायचे.
- उघड छापील चूक (उलटा खिळा, गळालेली मात्रा): मजकुरात दुरुस्त, यादीत नोंद.
- शुद्धिपत्रातल्या दुरुस्त्या: मजकुरात करायच्या, आणि शुद्धिपत्रही शेवटी ठेवायचे.

शंका असेल तिथे मूळ तसेच. लेखकाची लकब आणि जुळाऱ्याची चूक ओळखायला अर्धे पुस्तक वाचावे लागते.

७. ओसीआर

टेसरॅक्ट हे ओसीआरचे साधन मोफत आहे. त्यात मराठीचा भाषासंच निवडा, हिंदीचा नको. एकाच स्तंभाचे साधे पान असेल तर 'एकसंध ठोकळा' ही पद्धत, म्हणजे ६ क्रमांक, बरी चालते. गुगल ड्राइव्हमधली पीडीएफ गुगल डॉक्समध्ये उघडली तरी मजकूर मिळतो, आणि झिजलेल्या टाइपावर तो मला बहुधा अधिक चांगला वाटला आहे. त्याचा धोका उलटा: तो वाक्य गुळगुळीत करतो आणि जुने 'कांहीं' आपल्या मनाने 'काही' करून देतो. टेसरॅक्टची चूक डोळ्यांत खुपते, ही खुपत नाही.

आधी पाचच पाने काढा: एक सुरुवातीचे, एक झिजलेले, एक टीप असलेले, एक पद्य असलेले, एक साधे. दोन्ही साधनांनी करून टिंबे मोजा. मग पूर्ण पुस्तक.

निघालेल्या मजकुरात पानाच्या डोक्यावरचे शीर्षक, पृष्ठांक आणि तो फर्म्याचा आकडा मध्येच घुसलेले असतात. ते काढा, पण पानाची सीमा दाखवणारी खूण ठेवा. मुद्रितशोधन होईपर्यंत पान कुठे संपले हे कळायलाच हवे.

८. पहिले वाचन: चिन्हे

अर्थाकडे न बघता फक्त चिन्हे तपासण्याची ही फेरी आहे. डोळ्याला सारखी दिसणारी, पण संगणकाला वेगळी असलेली चिन्हे आधी एकसारखी करा, नाहीतर शोध लागणार नाही.

विसर्गाच्या जागी अपूर्णविराम (दु:ख / दुःख), अवग्रहाच्या (ऽ) जागी इंग्रजी एस, दंडाच्या जागी उभी रेघ, ओव्यांच्या शेवटी ॥ ऐवजी दोन सुटे दंड किंवा चक्क अकराचा आकडा. 'ॲ' हे एकच अक्षर आहे. 'अ' वर वेगळा चंद्र ठेवला तर दिसते तसेच, पण सापडत नाही. 'दुसऱ्या', 'वऱ्हाड' यांतला रफाराचा चंद्रकोरी प्रकार दोन रीतींनी टंकता येतो, खाली नुक्ता असलेल्या 'ऱ' पासून किंवा साध्या 'र' ला अदृश्य जोडचिन्ह देऊन. पहिली रीत धरा आणि पुस्तकभर तीच ठेवा. हे बदल मात्र 'सगळे बदला' ने करता येतात, एकेक चिन्ह घेऊन आणि आधी मोजून.

९. दुसरे आणि तिसरे वाचन: मजकूर

पडद्यावर डावीकडे पानाचे चित्र, उजवीकडे मजकूर, आणि ओळीला ओळ. चित्र न उघडता नुसता मजकूर वाचणे म्हणजे मुद्रितशोधन नव्हे. मेंदू चुका आपोआप भरून काढतो.

शुद्धलेखन तपासनीस इथे फसतो, कारण देवनागरी ओसीआरच्या खऱ्या चुका म्हणजे दुसरे अचूक शब्द. 'घर'चे 'धर', 'भात'चे 'मात', 'बाट'चे 'वाट', 'खाना'चे 'रवाना'. घ-ध, भ-म, ब-व, ष-प, थ-य, ख-रव या जोड्या भिंतीवर लिहून लावा. एक प्रत्यक्ष सापडलेली ओळ: 'त्यानें हात धर म्हटलें' हवे होते, आले 'हात घर म्हटलें'. दोन्ही शब्द कोशात आहेत.

शंका आली की कोणाला तरी मोठ्याने वाचायला सांगा आणि तुम्ही चित्रावर नजर ठेवा. छापखान्यात हीच रीत होती, आणि कंटाळवाणी असली तरी पानामागे दोन-तीन चुका हमखास निघतात. एका बैठकीत पंधरा-वीस पानांच्या पुढे जाऊ नका.

तिसरे वाचन दुसऱ्या माणसाने करायचे. विकिस्रोतावर (विकिपीडियाच्या परिवारातले मुक्त ग्रंथालय) ही शिस्त यंत्रणेतच आहे: पान आधी लाल, एकाने तपासले की पिवळे, आणि वेगळ्या सदस्याने पुन्हा तपासले तरच हिरवे. एकट्याने काम करत असाल तर निदान महिनाभराची फट ठेवा.

*तपासणी:* कोणतीही दहा पाने चिठ्ठ्या टाकून निवडा आणि अक्षर-अक्षर ताडून पाहा. दहांत मिळून तीनाहून अधिक चुका निघाल्या तर पूर्ण पुस्तकाची आणखी एक फेरी.

१०. ईपब बांधणे

ईपब म्हणजे फोनवर वाचता येणारी पुस्तकाची फाईल. इथे फारसे अवघड नाही. सिजिल किंवा पँडॉक या साधनांनी होते. प्रकरणांची नावे शीर्षक म्हणूनच द्या, नुसती ठळक करून नाही. नाहीतर अनुक्रमणिका बनत नाही. तळटीपा दुतर्फा दुव्यांनी जोडा. पद्याच्या ओळी परिच्छेदात मिसळू देऊ नका. भाषेची खूण मराठी ठेवा, हिंदी नको, कारण चांगल्या फाँटमध्ये 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणे त्या खुणेवरून येतात. फाँट मुक्त परवान्याचा घ्या (मुक्ता, नोटो सेरिफ देवनागरी, टिरो देवनागरी मराठी) आणि फायलीतच बसवा. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटांत टंकलेला मजकूर असेल तर तो आधी युनिकोडमध्ये (सगळ्या यंत्रांवर सारखी चालणारी अक्षरांची पद्धत) आणून, पुन्हा आठव्या पायरीपासून.

मग स्वस्तातल्या फोनवर उघडा. जोडाक्षरे तुटतात ती तिथे.

११. ठेवायचे कसे

पहिल्या पानाआधी 'या प्रतीबद्दल' अशी टीप घाला: कोणती आवृत्ती, कोणते साल, प्रत कुठली, कोणती पाने दुसरीकडून घेतली, लेखनाचे नियम कोणते, दुरुस्त केलेल्या चुकांची यादी कुठे आहे. मजकुरावर स्वतःचा हक्क सांगू नका, तो तुमचा नाही; तुम्ही लिहिलेली टीप तेवढी तुमची.

स्कॅनची पीडीएफ, तपासलेला साधा मजकूर आणि ईपब, तिन्ही एकत्र चढवा. नुसते ईपब ठेवले तर पुढच्याला शंका आल्यावर ताडून पाहायला काहीच राहत नाही. नाव आणि लेखक देवनागरीत लिहा, शेजारी रोमन लिपीतही, आणि फायलीच्या नावात आवृत्तीचे साल घाला. चूक कळवायला एक पत्ता द्या. पहिले पत्र बहुधा पान ६५ च्या आसपासच्या कुठल्यातरी टिंबाबद्दल येते. ते आले की मूळ टिफ उघडा, अंदाजाने उत्तर देऊ नका.